पाहुण्यांची वर्दी

माझ्या सासूबाईंचं माहेर गोव्यातलं. त्या लग्न होऊन गिरगावात आल्या तेव्हापासून, पणजीची आगबोट धक्क्याला लागली की उतारूंपैकी कोणी ना कोणी आमचा जिना चढायचंच. कोणाला डोळे दाखवायचे असत, कोणाचं हायकोर्टात काम असे, कोणाला गिरणीत चिकटायचं असे. त्यांतले नात्यातले थोडे. बाकीचे नुसते त्या बाजूचे. गावात कोणीतरी सांगितलेलं असायचं की गिरगावात अमुक चाळीत एक बाई आहे, तिच्याकडे जा. आमच्या दोन खोल्या आणि समोरची गॅलरी. तेवढ्यात आम्ही घरचे तिघे आणि वर हे पाहुणे. पाहुणा दारात उभा राहिला की सासूबाई त्याचं गाव, कूळ काही विचारत नसत. "बोट लागली का रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग त्याला भिंतीशी टेकून बसायला सांगायच्या आणि बिनफोडणीचं कोकमाचं सार प्यायला द्यायच्या.

मी त्या घरात आले तेव्हा वीस वर्षांचीही नव्हते. सासूबाई तांबडं आलवण नेसायच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, आणि चालायच्या इतक्या भरभर की मला मागे पळावं लागे. आवाज मात्र असा, की तळमजल्यावरचा वाणी वर बघायचा.

तो काळ गोव्यात गडबडीचा होता. तिथल्या पोर्तुगीज फौजेतल्या आपल्या लोकांना समुद्रापार आफ्रिकेत पाठवायचं ठरलं आणि ते बिथरले. काहीजण बंदुकांसकट रानात शिरले. ते लपतछपत इंग्रजी मुलखात उतरतात, मुंबईत नातेवाइकांच्या खोल्यांतून राहतात, अशी बोलवा उठली. आणि एके दिवशी आमच्या गल्लीत दवंडी आली. फिरंगी मुलखातला माणूस ज्याच्या घरी उतरेल, त्याने त्याच दिवशी चौकीवर जाऊन वर्दी द्यावी. नाव काय, गाव कोणतं, कशासाठी आला, किती दिवस राहणार. जो लपवील तो शिक्षेस पात्र.

मला त्या दवंडीचं नवल वाटलं. आमच्याकडे येणारे लोक परके आहेत हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आमच्यासारखंच नेसत, आमच्यासारखीच आमटी ओरपत, आणि आमच्याच देवाला नवस बोलत. आता कळलं की सरकारच्या हिशेबी ते रशियन किंवा चिनी माणसाइतकेच परदेशी.

चाळीत ज्यांची ज्यांची नाती तिकडे होती त्या सगळ्यांनी हात आखडले. समोरच्या बिऱ्हाडी सख्खा मेहुणा आला होता, त्याला दुपारच्या दुपारी धर्मशाळेत पाठवलं. मालकाचा मेहता भाडं घ्यायला आला तेव्हा प्रत्येक दारात बजावून गेला, की गोव्याचा पाहुणा ठेवायचा असेल तर दुसरी जागा बघा. आमच्या घरातले, म्हणजे माझे यजमान, फोर्टात एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. स्वभाव भिडस्त, पोलिसाची पगडी दिसली की रस्ता ओलांडणारे.

"आई, आता काही दिवस कोणी नको," ते म्हणाले. "चौकीवर नाव जाणं बरं नव्हे."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "चोरी केली तर नाव जाणं बरं नव्हे," त्या म्हणाल्या. "सरकार विचारतंय तुझ्याकडे कोण आलं. आलं ते सांगायचं."

"आणि सांगायला जाणार कोण? मी कचेरीत असतो."

"मी जाईन."

त्यांना वाटलं आई रागाने बोलते आहे. मलाही तसंच वाटलं. पण पुढच्या बोटीने एक वयस्क भटजी उतरले, आणि त्यांची अंघोळ-जेवण झाल्यावर सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मला म्हणाल्या, "चल गो, वहाणा घाल."

केशवपन झालेली विधवा पोलिस चौकीची पायरी चढते आहे, हे दृश्य गिरगावाने तोवर पाहिलं नसावं. रस्त्यातले लोक थबकून बघत होते. मी मान खाली घालून त्यांच्या पाठोपाठ, मागे भटजी. चौकीवर एक घाटावरचा हवालदार तंबाखू मळत बसला होता. तो आम्हाला बघून उठलाच.

"काय झालं बाई? चोरी झाली?"

"चोरी कशाला होईल? पाहुणे आलेत." सासूबाईंनी भटजींना पुढे केलं आणि लग्नघरात व्याह्यांची ओळख करून द्यावी तशी त्यांची सगळी ओळख करून दिली. गाव, देवस्थान, किती मुलगे, धाकट्याची सोयरीक कुठे जमते आहे, इथवर.

"एवढं नको बाई," हवालदार म्हणाला. "आणि हे पुरुषमाणसाचं काम. घरात कोणी नाही का?"

"मुलगा नोकरीवर असतो. पाहुणा माझ्या चुलीवर जेवतो, तेव्हा वर्दी माझी." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि हे बघ, दवंडीत म्हटलंय त्याच दिवशी. बोट सकाळी लागते. आलेलं माणूस न्हाऊन, जेवून, पाठ टेकून मगच मी इथे आणणार. त्याआधी कोणी बोलावायला यायचं नाही."

हवालदाराने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि मान डोलावली.

त्या दिवसापासून हा आमच्या घरचा रिवाज झाला. लोक भीतभीत यायचे. चौकीचं नाव काढलं की काहींचा चेहरा उतरायचा. सासूबाई त्यांना वाटेत सांगायच्या, "मान वर करून चाल. तू माझ्याकडे आलायस, कुठे भिंत फोडून आला नाहीस." हवालदार पुढे पुढे आम्हाला बघितल्यावर बाकावरचा शिपाई उठवून जागा करून द्यायचा. चाळीतल्या बायका मात्र नळावर मला टोचून बोलायच्या. मला लाज वाटत नव्हती असं नाही. पण त्या लहानशा बाईच्या मागून चालताना माझीही मान हळूहळू वर राहायला लागली होती.

मग एका सकाळी लालबागचा एक गिरणी कामगार आमच्या दारात आला. त्याच्या मागे एक म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि म्हाताऱ्याचा हात धरून एक तरणी बाई. ती त्याची सून. लालबागचा तो म्हाताऱ्याचा पुतण्या. त्यांना भायखळ्याच्या सरकारी इस्पितळात डोळा कापून घ्यायला आणलं होतं.

"माझ्याकडे ठेवले असते," तो पुतण्या म्हणाला, "पण एका खोलीत आम्ही दहा-बारा गडी. मुकादम म्हणतो, गोव्याचा माणूस खोलीत दिसला तर सगळ्यांना बाहेर काढीन. बाय, तुमचं नाव ऐकून आलो."

"बोट लागली का?" सासूबाईंनी विचारलं.

सोवळं-ओवळं त्या घरात होतंच. ते नव्हतं असं मी म्हणणार नाही. पुतण्या गिरणीत परत गेला; त्या दोघांची पानं बाहेरच्या खोलीत मांडली, आमची आत. पण वाढायला सासूबाई स्वतः गेल्या, आणि म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून पानात भात कुठे, कालवण कुठे, ते बोलून दाखवत बसल्या.

जेवणं झाल्यावर ती बाई माझ्याजवळ भांडी घासायला आली. राखेने तेच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती. मी विचारलं तेव्हा ती रडायलाच लागली. तिचा नवरा फौजेत होता. आफ्रिकेत जाणार नाही म्हणून जे रानात गेले त्यांत तोही गेला होता. त्यानंतर त्याचं तोंड दिसलं नव्हतं. "वयनी, माझं नाव चौकीर सांगू नका गे," ती म्हणाली. "म्हाका परत धाडतले. थंय म्हाका डांबून ठेवतले, तो बाहेर येईसर."

मी हात तसेच ओले घेऊन सासूबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि तिला आत बोलावलं.

"तो कुठे आहे हे तुला ठाऊक आहे?"

"ना."

"देवाची आण?"

"देवाची आण. जितो आसा काय मेला, तेंय खबर ना."

एवढ्यात आमच्या घरातले आले. त्या दिवशी कचेरी लवकर सुटली होती. प्रकार कळल्यावर त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"आई, हिची वर्दी दिलीस तर बंडवाल्याची बायको आमच्या घरी म्हणून बभ्रा होईल. नाही दिलीस तर आपण गुन्हेगार. आत्ताच्या आत्ता यांना दुसरीकडे जाऊ दे."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

मी म्हटलं, "फक्त हिच्या मामंजींची वर्दी दिली तर? सून आली आहे हे सांगायचंच नाही." बोलून गेले आणि मग वाटलं की आपण फार बोललो. पण सासूबाई रागावल्या नाहीत.

"मलाही तेच सुचलं होतं," त्या म्हणाल्या. "पण असं बघ. आज लपवलं आणि उद्या सापडली, तर ती चोरटी म्हणून सापडेल. आज मी सांगितलं, तर ती तिथे माझी पाहुणी म्हणून उभी राहील. मग तिला हात लावायचा तर आधी माझ्याशी बोलावं लागेल." आणि त्या बाईकडे वळून म्हणाल्या, "तुला नको असेल तर मी सांगणार नाही. आत्ता लालबागला परत जा, मी काही बोलले नाही असं समज. पण माझ्या घरी राहायचं तर उजळ माथ्याने राहायचं. तुझं तू ठरव."

त्या बाईने सासऱ्याकडे बघितलं. तो गॅलरीत उन्हाकडे तोंड करून बसला होता. उजेड एवढाच त्याला कळायचा. ती म्हणाली, "तुमी सांगशात तशें."

चौकीवर हवालदाराने नेहमीप्रमाणे जागा करून दिली. म्हाताऱ्याचं झालं. मग तिचं. नाव, गाव, काम. "नवरा?" त्याने सहज विचारलं.

"फौजेत होता," सासूबाई म्हणाल्या. "आता कुठे आहे ते हिला ठाऊक नाही."

हवालदाराचा हात थांबला. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा सासूबाईंकडे पाहिलं. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "एवढं सांगायची गरज नव्हती."

"तू विचारलंस."

"मग मला हे वर कळवावं लागेल."

"कळव. आम्ही घरीच आहोत."

बोलावणं आलंच. मोठ्या कचेरीत गोऱ्या साहेबापुढे हजर राहायचं होतं. सकाळी आमच्या घरातले जेवले आणि फोर्टात निघून गेले. आम्ही तिघी, लालबागचा पुतण्या आणि हवालदार असे तिथे गेलो. साहेब चाळिशीचा असेल. त्याला मराठी येत होतं, पण ते पुस्तकातून शिकलेलं.

"तुझा पती कोठे आहे?" त्याने त्या बाईला विचारलं.

तिने नुसती मान हलवली.

"ही खोटे बोलत असेल. तुम्हांस काय ठाऊक?" हे सासूबाईंना.

"साहेब, तो माझ्या घरी उतरलेला नाही," सासूबाई म्हणाल्या. चौकीत बोलायच्या त्याच आवाजात. "उतरला तर त्याच दिवशी जेवू घालून तुमच्या चौकीवर घेऊन येईन. आजवर एक पाहुणा चुकवला असेल तर या हवालदारांना विचारा."

साहेबाने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने टाचा जुळवल्या. "खरं आहे, साहेब. या हद्दीत आपणहून येऊन वर्दी देणारं हे एकच घर आहे. बाकीच्यांचे पाहुणे आम्हाला हुडकावे लागतात."

साहेब खुर्चीत जरा मागे टेकला. मग म्हणाला, की तरीही ही बाई पुढच्या आगबोटीने परत जाईल हे बरे.

मला वाटलं, संपलं. त्या बाईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"जाईल की," सासूबाई म्हणाल्या. "पण हिच्या सासऱ्याचा डोळा कापायला तुमच्याच सरकारच्या डॉक्टराने बोलावलंय. कापल्यावर पट्टी सुटेपर्यंत त्याला कोणीतरी पेज भरवायला हवी, कुशीवर वळू नको म्हणून बसून राहायला हवं. ही नाही तर कोण? एका साहेबाने डोळा कापायला बोलवायचं आणि दुसऱ्याने बोटीत बसवायचं, मग आम्ही कुठला साहेब ऐकायचा?"

लालबागच्या पुतण्याने डोळे मिटून घेतले. साहेबाच्या मिशा मात्र हलल्या. तो काही हसला असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण त्याचा पुढचा प्रश्न मऊ होता. पट्टी सुटेपर्यंत ही कोठे जाणार नाही, याची हमी कोण घेतो?

"मी घेते."

"कुटुंबातला पुरुष पाहिजे."

पुतण्या खोलीत बाराजणांबरोबर राहणारा. त्याची हमी कोण धरणार? सासूबाईंनी पहिल्यांदाच खाली पाहिलं. बोलायचं ते सगळं त्या बोलून चुकल्या होत्या.

"मी राहतो जामीन," मागून आवाज आला.

आमच्या घरातले दाराशी उभे होते. ते केव्हा आले मला कळलं नव्हतं. फोर्टातून चालत आले असावेत, कोट घामाने पाठीला चिकटला होता. साहेबाने जवळ बोलावल्यावर ते पुढे आले. सही त्यांनी पूर्ण नावाने केली, खाली कचेरीचा पत्ताही न विचारता दिला. सासूबाई मुलाकडे बघत राहिल्या. घरी आल्यावर जिन्यापाशी त्या म्हणाल्या, "कोट काढून दे, वाळत घालते."

त्या रजेबद्दल वकिलाने यांना बरंच बोलून घेतलं, नोकरी मात्र राहिली. यांनी त्याविषयी घरी कधी तक्रार केली नाही.

म्हाताऱ्याचा डोळा कापला. सून रोज सकाळी पेजेचा तांब्या पदराखाली धरून भायखळ्याला चालत जायची आणि येताना चौकीवर तोंड दाखवून यायची. पहिल्यांदा मी तिच्याबरोबर गेले, मग तिला गरज उरली नाही. एकदा मी गॅलरीतून बघत होते. ती रस्त्याच्या मधून, डोक्यावर पदर नीट घेऊन, कोणाकडेही न बघता येत होती. आली तेव्हा भिंतीला घासून चालणारी हीच का, असं वाटलं.

पट्टी सोडायच्या दिवशी सासूबाई इस्पितळात आल्या. परत आल्यावर अंघोळ करावी लागणार होती, तरी आल्या. डॉक्टरने पट्टी सोडली, म्हाताऱ्याने बराच वेळ पापणी मिटमिट केली, आणि मग सुनेकडे बघून तो रडला. डॉक्टर रागावला, डोळ्याला पाणी लागू देऊ नको म्हणाला. मग म्हातारा आमच्याकडे बघू लागला.

"ती बाय खंय?" त्याने विचारलं.

"ही काय समोर," सून म्हणाली.

त्याने सासूबाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ही?" तो म्हणाला. "मला वाटलं बाय दारात मावत नसतली."

सासूबाई इतक्या हसल्या की शेजारच्या खाटांवरचे लोक मान वळवायला बघू लागले आणि परिचारिकेने आम्हाला बाहेर काढलं.

ते दोघे बोटीने परत गेले ते साहेबाच्या परवानगीने, आणि धक्क्यावर पोचवायला हवालदार आला होता. तो कामावर होता की आपणहून आला होता, ते त्याने सांगितलं नाही. त्या बाईला तिकडे त्रास झाला का, ही चिंता सासूबाईंना बरेच दिवस होती. प्रत्येक बोटीच्या उतारूला त्या विचारायच्या. पुढे कळलं की ती माहेरी राहिली आहे आणि कोणी तिच्या वाटेला गेलेलं नाही.

आमच्या चाळीत त्यानंतर एक फरक पडला. समोरच्या बिऱ्हाडाने मेहुण्याला धर्मशाळेतून परत आणलं आणि त्या गृहस्थांनी एका संध्याकाळी संकोचत आमच्याकडे येऊन विचारलं, की चौकीवर नेमकं काय काय विचारतात. सासूबाईंनी त्यांना बसवून सगळं सांगितलं. मेहता पुन्हा भाड्याला आला तेव्हा गोव्याच्या पाहुण्यांचा विषय त्याने काढला नाही. चार-पाच बिऱ्हाडं उघडपणे पाहुणे ठेवू लागली होती, तो कोणाकोणाला जागा सोडायला सांगणार?

मग तिकडच्या गडबडीचा जोर ओसरला आणि इकडचा हुकूमही सैल झाला. तो कधी रद्द झाला ते कोणी दवंडी देऊन सांगितलं नाही. एकदा आम्ही एका पाहुण्याला घेऊन गेलो तेव्हा हवालदार म्हणाला, "बाई, आता नाही आणलं तरी चालतं." सासूबाईंना ते फारसं आवडलं नाही. पाहुण्याची ओळख त्यांनी तरी करून दिलीच, आणि हवालदाराने उभं राहून त्याला रामराम केला.

आणखी काही काळाने तिकडच्या सरकारने रानात गेलेल्यांना माफी दिली. लालबागचा पुतण्या गिरणीच्या सुट्टीत धावत आमच्याकडे आला. दारातूनच ओरडला, "बाय, माझा चुलतभाव घरी आला!" माणूस हाडांचा सापळा झाला होता, एका पायाने लंगडत होता, पण आला होता. मी देवापाशी साखर ठेवायला उठले. आमच्या घरातले बातमी ऐकून गॅलरीत गेले आणि बराच वेळ कठड्याला धरून पाठमोरे उभे राहिले.

सासूबाईंनी त्या पुतण्याला बसायला सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पदराने पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "आधी मला हे सांग," त्या म्हणाल्या, "पाय कशाने मोडला? आणि तिकडे कोणी हाड बसवणारा आहे का, की त्याला इथे पाठवायला सांगू?"